एसएफसीला खराब फायली सापडल्या, म्हणजे आता फॉरमॅटच का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातला चार-पाच वर्षांचा लॅपटॉप, त्यावर विंडोज ११. स्टार्ट मेनू मध्येच उघडायचा थांबतो, एक-दोनदा निळी स्क्रीनही येऊन गेली. कुणीतरी सुचवले म्हणून एसएफसी चालवले, तर शंभर टक्क्यांवर पोहोचून ते म्हणाले की खराब फायली सापडल्या, पण त्यातल्या काही दुरुस्त करता आल्या नाहीत. त्याचा लॉग, म्हणजे कामाची नोंदवही, उघडला तर हजारो ओळी. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारू, शेजारचा म्हणतो व्हायरस. यातले खरे काय?

दोघांपैकी कुणीही बरोबर असू शकेल, पण त्या एका संदेशावरून दोघांनाही तसे म्हणता येत नाही. एसएफसी, म्हणजे सिस्टम फाइल चेकर, विंडोजची अमुक फाइल नोंदीप्रमाणे आहे की नाही एवढेच सांगते. ती का बिघडली हे ते सांगत नाही, आणि पुढे काय करायचे हे सगळे त्या 'का'वर ठरते. डिस्क मरायला लागली असेल तर फॉरमॅट करून पंधरा दिवसांत तुम्ही पुन्हा त्याच जागी याल. आणि ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरने एखादी फाइल बदलली असेल, तर काहीच करायची गरज नसते.

आधी आतला कारभार समजून घेऊ, कारण तो कळला की संदेश आपोआप वाचता येतात. विंडोजच्या प्रत्येक घटकाची एक नोंद-फाइल असते, तिला मॅनिफेस्ट म्हणतात. त्या घटकात कोणत्या फायली आहेत आणि प्रत्येकीचा हॅश काय, हे तिथे लिहिलेले असते. हॅश म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ठरावीक लांबीचा आकडा. फाइलीतला एक बाइट बदलला तरी तो पार बदलतो. एसएफसी प्रत्येक फाइलीचा हॅश नव्याने काढते आणि नोंदीशी ताडून बघते. सातबाऱ्यावरची नोंद आणि बांधावरची हद्द जुळते का, एवढेच पाहणाऱ्या मोजणीदारासारखे हे काम आहे. बांध कुणी सरकवला, हे त्याच्या कागदात नसते.

न जुळणारी फाइल सापडली की एसएफसी तिची चांगली प्रत विनएसएक्सएस नावाच्या फोल्डरातून आणते. याला कंपोनंट स्टोअर म्हणतात. एक्सपीच्या काळात हे काम डीएलएलकॅश नावाचे फोल्डर करायचे आणि तिथे प्रत नसली की विंडोजची सीडी मागितली जायची. व्हिस्टापासून ही नवी रचना आली. बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट पुढे आहे. सिस्टम३२ मधली फाइल आणि विनएसएक्सएस मधली फाइल या बहुतेक वेळा दोन वेगळ्या प्रती नसतातच. डिस्कवर मजकूर एकच असतो आणि त्याला दोन ठिकाणची दोन नावे असतात. याला हार्ड लिंक म्हणतात.

याचा परिणाम बघा. एखाद्या प्रोग्रॅमने सिस्टम३२ मधली फाइल काढून तिच्या जागी आपली ठेवली, तर फक्त त्या नावाची जोडणी तुटते. स्टोअरमधला मूळ मजकूर शाबूत राहतो. एसएफसी तो परत जोडते आणि 'खराब फायली सापडल्या व दुरुस्त केल्या' असे सांगून मोकळी होते. पण डिस्कवरचा तो मजकूरच बिघडला, तर दोन्ही नावांखाली बिघडलेलाच मजकूर दिसतो. आणायला चांगली प्रत उरत नाही आणि 'काही दुरुस्त करता आल्या नाहीत' हा संदेश येतो. म्हणून हा दुसरा संदेश मी नेहमी जास्त गंभीरपणे घेतो. प्रत्येक वेळी डिस्कच दोषी असते असे नाही. अर्धवट राहिलेल्या अपडेटनेही स्टोअर विस्कटते. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर अपडेट चालू असताना लाइट गेली की हे हमखास पाहायला मिळते.

जाता जाता एक सांगतो. विनएसएक्सएस फोल्डर दहा-बारा जीबीचे दिसते म्हणून काही लोक जागा करायला त्यातल्या फायली उडवतात. या हार्ड लिंकांमुळे तोच मजकूर दोनदा मोजला जातो, प्रत्यक्षात तेवढी जागा गेलेली नसते. हाताने तिथे काहीही उडवू नका. तसे केलेल्या संगणकावर एसएफसी आयुष्यभर रडत राहते.

एसएफसी काय तपासत नाही, हेही लक्षात असू द्या. तुमचे फोटो, वर्डच्या फायली, टॅली, ब्राउझर, बहुतेक रजिस्ट्री, प्रिंटरचा किंवा वाय-फायचा कंपनीचा ड्रायव्हर, यातले काहीही त्याच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे 'कोणतीही विसंगती आढळली नाही' असा निकाल आला म्हणून संगणक ठणठणीत आहे असे होत नाही, आणि व्हायरस नाही असे तर मुळीच नाही.

बाकीचे संदेश सोपे आहेत. ॲडमिनिस्ट्रेटर असायला हवे, असे म्हणत असेल तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'टर्मिनल (ॲडमिन)' उघडा. दुरुस्ती प्रलंबित आहे, रीस्टार्ट करा, असे म्हणत असेल तर खरोखर 'रीस्टार्ट'च करा. 'शट डाउन' केल्यावर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज पूर्ण बंद होत नाही. दुरुस्तीची सेवा सुरू करता आली नाही, असे आले तर सर्व्हिसेसमध्ये 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर' कुणीतरी बंद करून ठेवले आहे. ते 'मॅन्युअल'वर आणा. मागितलेले काम करता आले नाही, असे आले तर सेफ मोडमध्ये जाऊन पुन्हा चालवा, आणि तिथेही तेच आले तर डिस्ककडे वळा.

आता लॉग. आज्ञा मी इथे देवनागरीत लिहितो आहे, टाइप मात्र रोमन अक्षरांतच करायच्या. मूळ आज्ञा 'एसएफसी /स्कॅननाऊ'. तिचा तपशील सी ड्राइव्हवरच्या विंडोज\लॉग्ज\सीबीएस या फोल्डरात सीबीएस.लॉग नावाच्या फाइलीत जातो. ती फाइल सगळ्या अपडेटांची मिळून असते, म्हणून एवढी लांबलचक. तिच्यात 'एरर' हा शब्द दिसला की घाबरून जाण्याचे कारण नाही. चांगल्या चालणाऱ्या संगणकावरही तो शेकड्याने असतो. 'आम्ही कंपनीच्या सपोर्टमधून बोलतोय' म्हणत फोन करणारे भामटे असलेच लॉग आणि इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजमधल्या घडामोडींच्या नोंदी दाखवणारे साधन) उघडायला लावून माणसाला घाबरवतात.

एसएफसीने लिहिलेल्या ओळींच्या आधी चौकटी कंसात 'एसआर' ही दोन अक्षरे असतात. लॉगची एक प्रत डेस्कटॉपवर काढा, नोटपॅडमध्ये उघडा आणि तेवढेच शोधा. 'व्हेरिफाइंग १०० कंपोनंट्स', 'व्हेरिफाय कम्प्लीट' अशा ओळी सोडून द्या, ती नुसती हजेरी आहे. तुम्हाला हवी ती ओळ 'कॅनॉट रिपेअर मेंबर फाइल' अशी सुरू होते आणि त्यात अवतरणचिन्हांत फाइलीचे नाव असते. शेवटी कारण दिलेले असते: 'हॅश मिसमॅच' किंवा 'फाइल इज मिसिंग'. तीच फाइल दोन-तीनदा येते, त्यामुळे पन्नास ओळी दिसल्या तरी प्रत्यक्षात चार-पाचच फायली निघतात. ती नावे कागदावर लिहून घ्या. लॉग सापडत नसेल तर त्याच फोल्डरात सीबीएसपर्सिस्ट नावाने सुरू होणाऱ्या कॅब फायली असतील, जुने लॉग तिथे दाबून ठेवलेले असतात.

नावे हातात आली की पहिला प्रश्न: ही फाइल कुणी मुद्दाम बदललेली असू शकते का? कारण एसएफसीने खोटा आरडाओरडा केल्याची नोंदलेली उदाहरणे आहेत. २०१५ साली विंडोज ७ आणि ८.१ वर केबी३०२२३४५ हे अपडेट आले, त्यानंतर टेलिमेट्रीच्या, म्हणजे वापराची माहिती मायक्रोसॉफ्टला पाठवण्याच्या, दोन जेसन फायली एसएफसीला खराब वाटू लागल्या. त्या फायली मुळातच वेळोवेळी बदलणाऱ्या होत्या. बिघाड काही नव्हता आणि मायक्रोसॉफ्टने तसे मान्यही केले. त्याच सुमारास विंडोज १० वर ओपनसीएल.डीएलएल या फाइलीचे प्रकरण गाजले. एनव्हिडियाचा ड्रायव्हर स्वतःची आवृत्ती ठेवायचा, एसएफसी तिला खराब ठरवायची. जुलै २०१९ मध्ये तर मायक्रोसॉफ्टच्याच डिफेंडर या अँटीव्हायरसने हे केले. त्याच्या पॉवरशेल मॉड्यूलच्या फायली आता वेगळ्या मार्गाने अपडेट होऊ लागल्या होत्या, एसएफसी मात्र जुन्याच नोंदीशी ताडत होती. फायली नव्या, सही असलेल्या आणि चोख. तरी घरोघरचे संगणक 'बिघडलेले'. त्या काळात किती जणांनी उगाच फॉरमॅट मारले असतील कोण जाणे.

तेव्हा फक्त एक-दोन फायली, त्याही कडेकोपऱ्यातल्या, आणि दर वेळी त्याच, असे चित्र असेल आणि संगणक व्यवस्थित चालत असेल, तर मी त्याला हात लावणार नाही.

मुद्दाम केलेल्या बदलांचा दुसरा प्रकार आपल्याकडे जास्त दिसतो. दुकानातून टाकून दिलेले 'लाइट' विंडोज, ज्यातून डिफेंडर, मायक्रोसॉफ्ट स्टोअर, अपडेट वगैरे आधीच कापून काढलेले असते. फुकटात ॲक्टिव्हेट करून देणारी साधने. 'संगणक फास्ट करा' म्हणून चालवलेल्या स्क्रिप्ट. असे विंडोज नोंदीशी कधीच जुळणार नाही, कारण नोंदीतले घटक जागेवरच नाहीत. तिथे एसएफसीशी झगडण्यात अर्थ नाही. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मूळ आयएसओ, म्हणजे विंडोज इन्स्टॉल करायची फाइल, उतरवून स्वच्छ इन्स्टॉल करणे हाच मार्ग. ॲक्टिव्हेशनच्या साधनांबरोबर काय काय आत येते ते पाहता इथे शेजाऱ्याचा व्हायरसचा संशयही मी उडवून लावणार नाही.

तुमच्या बाबतीत मात्र निळी स्क्रीनही आली आहे, म्हणून दुरुस्तीच्या आज्ञांआधी डिस्क तपासा. हा क्रम बहुतेक ठिकाणी उलटा सांगतात: आधी एसएफसी, मग डिस्म (कंपोनंट स्टोअर दुरुस्त करणारी आज्ञा), मग पुन्हा एसएफसी, आणि सगळे फसले की डिस्क. मला तो पटत नाही. मरणाऱ्या डिस्कवर तासभर लिहा-वाचायला लावणे म्हणजे तिचा उरलासुरला जीव घेणे. सगळ्यात आधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'सिस्टम' लॉग उघडून 'डिस्क' या स्रोताच्या ७ क्रमांकाच्या नोंदी शोधा, त्यात बॅड ब्लॉकचा उल्लेख असतो. 'एनटीएफएस' स्रोताची ५५ क्रमांकाची नोंद म्हणजे फाइल सिस्टमची रचना बिघडल्याची तक्रार. ४१ क्रमांकाची कर्नल-पॉवर नोंद मात्र एवढेच सांगते की संगणक नीट बंद न होता बंद पडला. बटण दाबून ठेवून बंद केला तरी ती येते, तिच्यावरून काही ठरवू नका.

क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट साधनात डिस्कची स्वतःची आरोग्यनोंद वाचता येते. हार्ड डिस्कमध्ये 'रिअलोकेटेड सेक्टर्स' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर्स' या ओळी पाहा. पेंडिंगचा आकडा शून्याच्या वर असेल तर डिस्कला काही जागा वाचता येत नाहीत. हे आकडे दर आठवड्याला वाढत असतील तर चर्चा संपली, डिस्क बदला. डेस्कटॉप असेल तर 'सीआरसी एरर काउंट'ही बघा. तो वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून साटा केबलचा असतो, आणि शे-दोनशे रुपयांत काम भागते. ही नोंद स्वच्छ निघाली तर 'चेकडिस्क सी: /स्कॅन' चालवा (टाइप करताना चेकडिस्कच्या जागी सी-एच-के-डी-एस-के), विंडोज चालू असतानाच ते होते. त्याने दोष दाखवला तर '/एफ' लावून रीस्टार्ट. '/आर' मात्र प्रत काढल्याशिवाय लावू नका. ते डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचते आणि जुन्या हार्ड डिस्कवर अख्खी रात्र घेते.

रॅमचा दोष ओळखण्याची एक खूण आहे. एसएफसी लागोपाठ दोनदा-तीनदा चालवा, प्रत्येक वेळी मध्ये रीस्टार्ट करून. दर वेळी वेगळ्याच फायलींची नावे आली, किंवा एकदा दोष आणि पुढच्या वेळी सगळे आलबेल, तर डिस्कवरची फाइल चांगली आहे आणि ती ज्या मेमरीत वाचली जाते तिथे आकडे बदलताहेत असा दाट संशय घ्यायचा. निळी स्क्रीन दर वेळी वेगवेगळे कारण सांगत असेल तर संशय आणखी पक्का. स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधून चालवा. त्यात काही आले नाही तर मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवरून रात्रभर लावा. विंडोजचे साधन वरवरचे आहे, सगळे दोष त्याला सापडत नाहीत. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून पाहता येते. काही लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते, तिथे हा मार्ग बंद.

डिस्क आणि रॅम दोन्ही सुटल्या, तरच स्टोअरची दुरुस्ती. आज्ञा: 'डिस्म /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ'. हे साधन कंपोनंट स्टोअर तपासते आणि बिघडलेला भाग विंडोज अपडेटच्या सर्व्हरवरून आणते, म्हणून इंटरनेट हवे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर नेट मध्येच तुटणार नाही एवढे पाहा. आकडा ६२.३ टक्क्यांवर बराच वेळ अडकून बसणे हा त्याचा जुना स्वभाव आहे; अर्धा-पाऊण तास हलला नाही तरी खिडकी बंद करू नका. ते संपले की पुन्हा एसएफसी. क्रम असाच का, तर स्टोअर नीट झाल्याशिवाय एसएफसीला आणायला चांगली प्रतच नसते.

डिस्म ०एक्स८००एफ०८१एफ हा आकडा देऊन थांबले तर त्याला हवी ती फाइल मिळाली नाही. ०एक्स८००एफ०९०६ असेल तर उतरवून घेता आली नाही. दुसऱ्यासाठी आधी नेट तपासा. पहिल्यासाठी त्याच आवृत्तीची आयएसओ उतरवून तिच्यावर डबल क्लिक करा, ती नव्या ड्राइव्हसारखी उघडते. तिच्या सोर्सेस फोल्डरातली इन्स्टॉल.विम डिस्मला '/सोर्स' म्हणून देता येते, सोबत '/लिमिटॲक्सेस' लावायचे म्हणजे ते नेटकडे जात नाही. मीडिया क्रिएशन टूलने बनवलेल्या आयएसओत विमऐवजी ईएसडी फाइल असते, तेव्हा आज्ञेत तसा बदल करा. आणि एकाच विम फाइलीत होम, प्रो अशा अनेक आवृत्त्या असतात, आपला क्रमांक आधी 'डिस्म /गेट-विमइन्फो' ने पाहून घ्या. एवढे करूनही जमत नाही ते बहुधा यामुळे: तुमच्या संगणकावर गेल्या महिन्यापर्यंतची अपडेट आहेत आणि आयएसओतली फाइल त्याआधीची.

तिथे मी फार वेळ घालवत नाही. त्याच आयएसओतली सेटअप.एक्सई चालू विंडोजमधूनच सुरू करा आणि 'फायली आणि ॲप्स ठेवा' निवडा. विंडोज स्वतःवरच नव्याने बसते. तुमचे प्रोग्रॅम, फायली, मराठी कीबोर्ड, सगळे राहते. भाषा आणि आवृत्ती जुळली पाहिजे, नाहीतर ॲप्स ठेवण्याचा पर्यायच दिसत नाही. पंचवीस-तीस जीबी जागा मोकळी असलेली बरी. अलीकडच्या विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी इथे विंडोज अपडेटमधून पुन्हा इन्स्टॉल करण्याचे बटणही आहे, त्याला आयएसओ लागत नाही. 'रीसेट धिस पीसी' हे वेगळे प्रकरण: त्यात फायली राहतात पण प्रोग्रॅम जातात. दुकानदाराचे फॉरमॅट या सगळ्यानंतर येते.

संगणक सुरूच होत नसेल तर एसएफसी रिकव्हरीच्या कमांड प्रॉम्प्टमधून '/ऑफबूटडिर' आणि '/ऑफविनडिर' लावून चालवता येते. तिथे सी ड्राइव्ह डी किंवा ई होऊन बसलेला असू शकतो, म्हणून 'डिर' देऊन विंडोज फोल्डर कुठे आहे ते आधी पाहा. डिस्कला कुलूप लावणारे बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाईल. नव्या लॅपटॉपांवर ते बऱ्याचदा आपल्याला न विचारताच चालू असते. की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते, ती आजच लिहून ठेवा.

तुमच्या लॅपटॉपसाठी माझा सल्ला असा: आज प्रत काढा, उद्या डिस्कची नोंद आणि रात्री मेमटेस्ट. दोन्ही स्वच्छ निघाले तर डिस्म, एसएफसी, आणि गरज पडली तर सेटअपमधून दुरुस्ती. दुकानात न्यावाच लागला तर फॉरमॅटच्या आधी डिस्कच्या आरोग्यनोंदीचा फोटो मागून घ्या. दहा मिनिटांचे काम आहे, नाही म्हणणाऱ्याकडे लॅपटॉप ठेवू नका. आणि फॉरमॅट झालेच तर आठवड्याने एसएफसी एकदा चालवून पाहा. कोऱ्या विंडोजवर इतक्यात पुन्हा फायली खराब निघाल्या, तर दुसऱ्यांदा फॉरमॅटचे पैसे न देता थेट रॅम किंवा एसएसडी बदलायला सांगा.